रविवारचं हसू

रेडिओवहिनींना खिडकीच्या पडद्याला मखमलच हवी होती, आणि तीही नेमकी सगळ्यात वरच्या फळीवरची, गडद तपकिरी. मावशीने हाताशी असलेले रंग दाखवून पाहिले. खिडकी पश्चिमेची आहे, उन्हाने मखमल विटेल, असंही सांगून पाहिलं. पण वहिनींचं मन एकदा बसलं की बसलं. शेवटी मावशी स्टुलावर चढली आणि तिने तागा ओढला. तागा तिरका झाला, आणि त्याच्या पोटातल्या पुठ्ठ्याच्या नळीतून एक चपटी बाटली सुळकन घसरून कापायच्या टेबलावर पडली. खाली अस्तराचं कापड पसरलेलं होतं म्हणून फुटली नाही. वहिनींच्या अगदी पुढ्यात येऊन थांबली. दारूची होती, आणि निम्मी रिकामी.

वहिनींना रेडिओ हे नाव उगाच पडलेलं नव्हतं. सकाळी त्यांच्या कानावर गेलेलं दुपारपर्यंत चारही गल्ल्यांत ऐकू यायचं. त्यांचा एक गुण मात्र मानायला हवा, त्या बातमीत पदरचं काही घालत नसत.

मावशी स्टुलावरच उभी होती. घरात माणसं दोनच, ती आणि तिची भाची. बाटली कुणाची हे कळायला तिला क्षणसुद्धा लागला नाही. आणि पुढचं वाक्य तोंडातून बाहेर पडायलाही नाही.

"माझीच आहे," ती म्हणाली. "पाठ धरते हो दिवसभर वाकून. झोपताना लागते थोडी."

वहिनींनी बाटलीकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं. मग मखमल बोटांनी चाचपली, मापं लिहून दिली आणि नेहमीपेक्षा बऱ्याच लवकर निघून गेल्या.

भाचीला सगळे भिंगरी म्हणत. लहानपणी ती स्वतःभोवती फिरत राहायची, पडेपर्यंत. आता पंधरावं संपून सोळावं लागलं होतं. वडील ती रांगत असतानाच गेले. आई इस्पितळात नर्स होती, आणि दोन वर्षांपूर्वी चांगली नोकरी मिळाली म्हणून समुद्रापलीकडच्या देशात गेली होती. मावशी ही आईची धाकटी बहीण. खाली पडद्यांचं दुकान, वर दोन खोल्या. मावशीचं लग्न झालं नव्हतं. का झालं नाही, याबद्दल गल्लीत जितकी तोंडं तितकी मतं होती. मावशीचं स्वतःचं मत कुणी विचारलं नव्हतं.

ताई, म्हणजे भिंगरीची आई, इथे होती तेव्हा ड्युटी संपली की वर न जाता आधी दुकानात यायची. बूट काढून पाय ताग्यांवर टाकायची, मावशीच्या डब्यातलं अर्धं खाऊन टाकायची, आणि इस्पितळातल्या डॉक्टरांच्या नकला करायची. मावशी हसता हसता शिवण चुकवायची आणि मग तिलाच उसवायला लावायची. ताई गेल्यापासून मावशी डबा उभ्यानेच संपवत असे. संध्याकाळी दाराबाहेर पावलं वाजली की अजूनही तिची मान वर व्हायची. पावलं पुढे निघून जायची. मान मात्र जरा वेळाने खाली यायची.

ताईला विमानतळावर सोडून परतताना मावशीने भाचीला एक गोष्ट बजावली होती. फोनवर रडायचं नाही. आई तिकडे एकटी आहे, आपण रडलो तर तिचा जीव इथे अडकून पडेल. भिंगरीने मान हलवली, आणि तेव्हापासून दर रविवारी दुपारी आईचा फोन आला की ती हसत असे. मास्तरांच्या नकला, मैत्रिणींच्या गमती, सगळं रंगवून सांगे. किती समंजस पोर, असं जो तो म्हणे. मावशीलाही त्याचा अभिमान होता.

त्या संध्याकाळी भिंगरी शाळेतून आली तेव्हा बाटली मोरीत ओतून झाली होती. मावशीच्या मनात बोलायचं खूप होतं, पण ओठांवर येईना. ओरडावं, तर ओरडायचा हक्क आईचा, आणि आई समुद्रापार. समजवावं, तर कुठून सुरुवात करावी? आणि पोर उलटून म्हणाली की तू कोण मला विचारणारी, तर? मावशीने फक्त भूक लागली का विचारलं. भिंगरी हो म्हणाली. दोघी समोरासमोर बसून जेवल्या. दोघींमध्ये ती बाटली जणू तशीच उभी होती.

बातमी व्हायची तशी झाली. गिऱ्हाइकं पडदा हातात घेऊन शिवण उजेडात धरून बघू लागली, कुठे वाकडी गेली आहे का. पडद्याच्या दांड्या विकणारा शेजारी भला माणूस, त्याने काहीही न बोलता गरम पाण्याची पिशवी आणून दिली, पाठीला. मावशीने ती घेतली. नाही म्हणावं तर का, हे सांगावं लागलं असतं.

मग एक दिवस चष्म्याच्या दुकानातली बाई आली. हातात पडदा होता. मावशीने तो तिलाच दोन महिन्यांपूर्वी शिवून दिला होता आणि त्यात कमी-जास्त करण्यासारखं काही नव्हतं. बाईने दार लोटून घेतलं.

"तुम्हाला एक विचारू? राग मानू नका. ती घ्यावीशी वाटते तेव्हा आतून कसं वाटतं?"

बाई दुमडलेल्या पडद्याची कड पुन्हा पुन्हा सरळ करत होती. हळूहळू तिनेच सगळं सांगितलं. तिचा मुलगा सोळा वर्षांचा, ताडमाड वाढलेला. पूर्वी हातात पेन्सिल आली की भिंतसुद्धा सोडायचा नाही. आता खोलीत दिवा न लावता बसतो. मैदानावरून येतो तो पुदिन्याच्या गोळ्या चघळत. विचारलं तर काही नाही म्हणतो. ओरडून झालं होतं, कोंडून झालं होतं, त्याच्या वडिलांनी एकदा हातही उगारला होता.

"अंधारात चाचपडतेय मी," ती म्हणाली. "तुम्ही मोठ्या आहात, स्वतः त्यातून जाताय, म्हणून तुमच्याकडे आले. मला नुसतं कळायला हवंय."

मावशीला खोटं पुढे रेटता आलं असतं. पण इतक्या आशेने आलेल्या बाईला काय सांगायचं?

"मला नाही ठाऊक हो," ती म्हणाली. "ती बाटली माझी नव्हती."

आणखी काही सांगावं लागलं नाही. बाईने वर जाणाऱ्या जिन्याकडे पाहिलं आणि तिथेच ताग्यांवर बसली. मग म्हणाली की शाळेत मुलांशी बोलायला एक समुपदेशक बाई येतात, पण एकटीने जायची लाज वाटते. दुसऱ्या दिवशी दोघी मिळून गेल्या. लाजही दोघींत वाटली गेली, आणि वाटून घेतल्यावर ती फारशी उरली नाही.

समुपदेशक बाई वयाने लहानच होती. खेळाच्या सामानाशेजारी तिची छोटी खोली, दाराआड चेंडूंची जाळी टांगलेली. तिने दोघींचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, कुणाचं चुकलं हे ठरवायला गेली नाही. या वयात दारू मोठ्यांपेक्षा लवकर पकड घेते, म्हणून वेळ घालवू नका, हे तिने स्पष्ट सांगितलं. मुलांना आपल्याकडे पाठवायला सांगितलं. आणि निघताना म्हणाली, "का पितोस, असं विचारू नका. तो प्रश्न मुलांना खटल्यासारखा वाटतो. कधी घ्यावीशी वाटते, ते विचारा. उत्तर आलं की लगेच उपाय सांगायला धावू नका. आधी ते उत्तर पचू दे, तुम्हाला."

मावशी ते शब्द मनात घोळवत राहिली. विचारायचा धीर मात्र होत नव्हता. शेवटी भिंगरीच तिच्यापुढे येऊन उभी राहिली.

शाळेत कुणीतरी तिला खिजवलं होतं, तुझी मावशी पिते म्हणे. ती दप्तरासकट सरळ दुकानात शिरली. मावशी मशीनवर होती, वहिनींच्याच मखमलीला अस्तर लावत.

"तू सांगितलंस, तुझी आहे म्हणून?"

"हो."

"का?"

"तेव्हा तेवढंच सुचलं."

भिंगरीने दप्तर खाली टाकलं. तिचा चेहरा रागाने लाल झाला होता, पण तो राग कुणावर काढावा हे तिचं तिलाच समजत नव्हतं. ती ताग्यांवर बसली, ताई बसायची तिथेच. मावशीने मशीनची सुई वर केली, कापड सोडवलं, घडी करून बाजूला ठेवलं.

"कधी घ्यावीशी वाटते गं तुला?"

भिंगरी जमिनीकडे बघत राहिली. बाहेरून कुणीतरी सायकल लोटत गेलं. मावशीने दुसरं काही विचारलं नाही, विचारायचा मोह फार झाला तरी.

"रविवारी," भिंगरी म्हणाली. "फोनच्या आधी. दोन घोट घेतले की आवाज नीट निघतो. नाहीतर गळ्यात अडकतं सगळं. आणि तू म्हणाली होतीस ना, रडायचं नाही." मग म्हणाली, "आधी फक्त रविवारीच. मग शनिवारी पण, उद्या रविवार आहे म्हणून. आता तर कधीही वाटतं."

मावशीला वाटलं, कुणीतरी आपल्याला मधोमध उभं उसवलं. समुपदेशक बाईने पचवायला सांगितलेलं उत्तर हे असेल, असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. माफी मागावी असं वाटलं, पण माफी मागून पोरीवर आपलंच ओझं टाकल्यासारखं झालं असतं. म्हणून तिने जे खरं होतं ते सांगितलं.

"फोन झाला की मी खाली येऊन मशीन सुरू करते, ठाऊक आहे ना?"

"ऑर्डरची घाई असते तुला."

"रविवारी कसली घाई? मशीनवर कापड नसतं. नुसतीच चालवते. तुला वर ऐकू जाऊ नये म्हणून."

भिंगरीने मान वर केली.

"मला ताईची फार आठवण येते गं," मावशी म्हणाली. "तिच्या लग्नाची थोडी वर्षं सोडली तर मला कळतं तेव्हापासून मी तिच्या पाठीला पाठ लावून झोपले आहे. अजून कूस बदलताना तिला धक्का लागू नये म्हणून जपून वळते. आणि वळल्यावर आठवतं."

दोन वर्षं एका छपराखाली दोघी एकाच माणसासाठी झुरत होत्या, आणि दोघींनीही एकमेकींपासून ते लपवलं होतं. भिंगरी आधी हसली, मग तिचा बांध फुटला. मावशी उठून तिच्याशेजारी जाऊन बसली. दुकानाचं दार उघडंच होतं. कुणी बघितलं असेल तर बघितलं असेल.

त्या रविवारी फोन आला तेव्हा दोघी वर पलंगावर शेजारी बसल्या होत्या. फोनच्या पडद्यावर ताई दिसली, गणवेशातली, मागे रुग्णालयातल्या विश्रांतीच्या खोलीची पांढरी भिंत. भिंगरीने सवयीने मास्तरांची नक्कल सुरू केली. ती अर्ध्यात तुटली.

"आई, मला तुझी आठवण येते. मला नीट बोलता येत नाहीये."

पलीकडे फोन कलला. बराच वेळ पडद्यावर नुसतं छत आणि दिव्याची नळी दिसत राहिली. त्याखालून हुंदक्यांचा आवाज येत होता. मग ताईचा चेहरा परत आला, नाक लाल झालेला.

"मला वाटायचं, तुम्हा दोघींचं माझ्यावाचून मजेत चाललंय," ती म्हणाली. "बरंच वाटायचं गं मला. पण फोन ठेवला की वाटायचं, आता मी कुणाला कशाला हवी आहे?"

बाटलीचं भिंगरीने स्वतःच सांगितलं. ताईने तेव्हाच्या तेव्हा सामान बांधायची भाषा केली. मावशीने तिला शांत केलं. नोकरीचा करार होता, मध्येच सोडून येणं शक्य नव्हतं, हे तिघींनाही ठाऊक होतं. पण आता आठवड्यातून एकदाच बोलायचं नाही, वाटेल तेव्हा बोलायचं, आणि हसायलाच हवं असं नाही, एवढं ठरलं.

बाटली येत होती कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानातून. हे भिंगरीने सांगितलं तेव्हा आणखी एक गोष्ट बाहेर आली. आणणारा होता चष्मेवालीचा मुलगा. तो उंच, आणि तो दुकानदार वय बघत नसे, उंची बघत असे. चार-सहा मुलं मैदानामागच्या भिंतीआड बसायची, ज्याला जे सलत असेल ते गिळायची. मावशीने सांगितलं तेव्हा चष्मेवालीने ते ऐकून घेतलं. तिने त्या दिवशी मुलाला काही म्हटलं नाही, फक्त त्याच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन ती त्याच्याजवळ बसली. पुढच्या आठवड्यात तो आपणहून समुपदेशक बाईकडे गेला.

मावशी आणि चष्मेवाली त्या दुकानदाराकडे गेल्या, तर त्याने खांदे उडवले. जन्मदाखले तपासत बसू का म्हणाला. परतताना मावशीच्या डोक्यात एक विचार आला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने दोन स्टुलं आणि पडद्यांचा गठ्ठा उचलला, आणि दोघी दारूच्या दुकानासमोरच्या फुटपाथवर हाताने दुमड घालत बसल्या. भांडण नाही, घोषणा नाही. शाळा सुटली, मुलं वळणावर आली, ओळखीच्या बाया बघून बूट बांधायला वाकली आणि आल्या वाटेने परत गेली.

तिसऱ्या दिवशी रेडिओवहिनी आपली खुर्ची घेऊन हजर झाल्या. सुईत दोरा ओवत त्या मावशीला म्हणाल्या, "ती बाटली तुमची नव्हती, हे मला तेव्हाच कळलं होतं. स्वतःची असती तर माणूस शरमेने लाल होतं. तुम्ही पांढऱ्याफटक पडला होतात."

"मग सगळीकडे का सांगितलंत?"

"तुम्ही जे सांगितलं तेच सांगितलं. पोरीचं नाव माझ्या तोंडून निघालं का कुठे?"

मावशीने वहिनींकडे मखमलीचं एक टोक सरकवलं, धरायला.

वहिनी आल्यावर बाकीच्यांना बोलावणी धाडावी लागली नाहीत. दांड्यावाला शेजारीसुद्धा गिऱ्हाईक नसलं की येऊन बसू लागला. कुणाची मुलं कुठे जातात, कुणाला रात्र रात्र झोप लागत नाही, कोण जेवेनासं झालं आहे, हे आईबाप एकमेकांना सांगू लागले. तोवर ज्याने त्याने झाकली मूठ जपली होती. शेवटी दुकानदाराचा धीर सुटला. त्याने वयाचा पुरावा मागायला सुरुवात केली, आणि तशी पाटीही लावली. पलीकडच्या वस्तीत न विचारता देणारं दुकान होतंच, तिथे जाणारी मुलं गेलीच. पण वाट लांबली, आणि त्या लांबलेल्या वाटेवर काही जण मध्येच मावशीच्या दुकानात शिरू लागले. ती कुणाला काही विचारत नसे. पडद्यांना रिंगा ठोकायचं काम हातात देई. ठोकता ठोकता एखादं आपणहून बोलायला लागे. कुणी नुसतंच ठोकून घरी जाई.

भिंगरीचं सगळं एका दमात सुरळीत झालं असं नाही. परीक्षेच्या दिवसांत एकदा ती घरी आली तेव्हा तोंडाला वास होता. मावशीने पाणी दिलं, अंथरूण घातलं, आणि सकाळी विचारलं, काल कधी वाटलं? भिंगरीने सांगितलं, आणि त्याच दिवशी समुपदेशक बाईकडे गेली. त्यानंतर पुन्हा तसं झालं नाही. होणार नाहीच, असं मावशी कुणाला छातीठोक सांगत नसे.

वर्ष उलटल्यावर ताई सुट्टीवर आली. ती थोडी वाळली होती, केस आखूड कापले होते, आणि दारात उभी राहून पहिल्या क्षणी ती पाहुणीसारखी आत बघत राहिली. मग तिने बूट काढले. ते दिवस कसे गेले हे तिघींपैकी कुणालाच नीट सांगता आलं नसतं. पलंगावर तिघी आडव्या झोपल्या. ताई आणि मावशी पाठीला पाठ लावून, आणि भिंगरी कडेला, आईचा हात धरून. मावशीला मध्येच जाग यायची. ती कूस न बदलता तशीच पडून राहायची, ती ऊब अंगात साठवून ठेवता येते का बघत.

आणि मग पुन्हा विमानतळ आला. या खेपेला कुणी कुणाला रडू नकोस म्हटलं नाही. तिघी रडल्या, आणि काचेपलीकडे ताईचे आखूड केस दिसेनासे होईपर्यंत दोघी उभ्या राहिल्या.

परतीच्या बसमध्ये संध्याकाळचं ऊन तिरकं आत येत होतं. भिंगरी खिडकीला डोकं टेकून बसली होती. बरेच थांबे गेले. मग बाहेर बघतच ती म्हणाली, "मावशी, मला आत्ता घ्यावीशी वाटतेय."

मावशीने तिच्याकडे पाहिलं. तिला भीती वाटली, पण नुसती भीतीच नाही. पोरीने ते सांगितलं होतं.

"खूप?"

"खूप."

"मलाही घरी जाववत नाहीये," मावशी म्हणाली. "तो पलंग बघवणार नाही आज."

पुढच्या थांब्यावर त्या उतरल्या. घर अजून बरंच लांब होतं. बस निघून गेली आणि रस्ता एकदम शांत झाला. भिंगरीने मावशीच्या दंडात हात अडकवला, आणि आई आत्ता कुठवर पोचली असेल, याचा अंदाज बांधत दोघी चालू लागल्या.